आई, तुम्ही आणि गोदीचं पिल्लू

आई,

मी आणि इरा कराडला पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. हृषी आठवडाभर आधीच आला होता, तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवल्यापासून. फाटकाशीच माधवीताईने माझा दंड धरला. तुमची लेक ती, दोन दिवस जागून डोळे सुजलेले, तरी तिला माझी काळजी. म्हणाली, "केतकी, आत जाऊ नकोस गं. शीतपेटीत ठेवलंय दीड दिवस. चेहरा फार बदललाय. तुझ्या डोळ्यांपुढे आहे तीच आई राहू दे."

मी म्हटलं, "ताई, मला बघायचंय."

आवाज जरा चढलाच असावा. अंगणातल्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. ताईने हात सोडला. इराला मी विचारलं, तुला यायचंय का, नाहीतर बाबाजवळ थांब. ती माझ्याबरोबर आली.

आणि मी बघितलं, आई. घाई केली नाही. नाकावर चष्म्याच्या दोन खुणा होत्या. डाव्या भुवईतला तो एकच लांब पांढरा केस, जो तुम्ही कधी कापू दिला नाहीत, तसाच वर उभा होता. ओठ जरासे उघडे, आता "हं, म्हणजे असं बघ" म्हणून सुरुवात करणार असल्यासारखे. चेहरा बदलला होता हे खरं आहे. पण तुम्हीच होतात.

बाहेर कुणीतरी म्हणालं, परदेशात राहून धीट झालीय सून.  हा हट्ट माझ्यात कुठून आला हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते कळलं असतं फक्त तुम्हाला.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही बाळंतपणासाठी म्हणून आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला आलात. तीन महिन्यांचा व्हिसा, बॅगेत डिंक आणि अळीव, आणि हृषीची लहानपणची दुपटी, जी तुम्ही स्वच्छ धुऊन, इस्त्री करून आणली होती. तुम्ही आल्यावर नवव्या दिवशी माझ्या पोटातली हालचाल थांबली. सातवा महिना होता.

बाळ मृतच जन्माला आलं, त्या हॉस्पिटलमधली नर्स मला अजून दिसते. पन्नाशीची, उंच, हातावर मोठं घड्याळ. तिने इंग्रजीत, अगदी हळू विचारलं, "बाळाला घ्यायचंय का तुम्हाला? घाई नाही. आज तो तुमच्याजवळ राहू शकतो. उद्याही." हृषी इराला शेजारच्यांकडून आणायला गेला होता. खोलीत आपण दोघीच. तुम्ही खिडकीशी उभ्या होतात, साडीवर माझा राखाडी स्वेटर घालून.

तुम्ही म्हणालात, "नको, केतकी. बघू नकोस. एकदा बघितलंस की जन्मभर डोळ्यांपुढून हलणार नाही. न बघितलेलं विसरता येतं."

नर्सने पुन्हा एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. तिने फोटोचंही विचारलं, मी त्यालाही नाही म्हटलं. शब्द माझ्या तोंडून गेला हे मला कळतं, आई. पण पुढची चार वर्षं मी तो तुमचा धरला.

घरी आल्यावर मी पडदे ओढून घेतले. तुम्ही मला दोन वेळा गरम जेवायला वाढत होतात आणि मी तुमच्याशी फक्त "हो" आणि "नको" एवढंच बोलत होते. घरात चार वर्षांची इरा, तिला मोठ्याने हसायलाही चोरी. एका बुधवारी तुम्ही तिला घेऊन बाहेर पडलात. डच येत नाही, रस्ते माहीत नाहीत, आणि तरी ट्रेनने, एकदा गाडी बदलून, तासाभरावरच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचलात. संध्याकाळी इरा धावत आली आणि माझ्या पलंगावर चढून म्हणाली, "मम्मा, ही इज नॉट स्लीपी! ही इज शोइंग हिज दात!"

तो प्रिन्सिपॉल होता. नंतर मला कळलं. बबून माकडांच्या टेकडीवरचा सगळ्यात मोठा नर, हे नाव तुम्हीच ठेवलेलं, खांद्यावर करड्या केसांची आयाळ, अगदी धुऊन इस्त्री केलेल्या कोटासारखी. तो जांभई देतो तेव्हा त्याला झोप आलेली नसते, तो आपले सुळे दाखवत असतो, हे तुम्ही इराला शिकवलं होतंत. तीस वर्षं कराडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. तक्त्यावरचे प्राणी, बाटलीतले प्राणी, फॉर्मॅलिनचा वास. आणि साठी उलटल्यावर, घरात बसवेना म्हणून बाहेर पडलात, तर पहिल्यांदा एक जिवंत टोळी समोर दिसली. तुम्ही दर बुधवारी जायला लागलात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीन महिने आलात तेव्हा तुमचा फोटो असलेला वर्षाचा पास निघाला. त्या फोटोत तुम्ही इतक्या गंभीर दिसता की इरा त्याला "आजीचा पासपोर्ट" म्हणायची.

मला तुमचं ते जाणं आवडत नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. माझ्या मुलाकडे पाठ फिरवायला सांगितलंत आणि माकडांकडे तासन्‌तास बघत बसता, असं मनात यायचं. ते मी हृषीला एकदा म्हटलंही. तो म्हणाला, "तिला सांग ना." मी सांगितलं नाही. आपल्या घरात भांडण कधी झालं नाही, याचं कारण आपण दोघी भांडायलाच तयार नव्हतो.

चौथ्या उन्हाळ्यात तुमचा गुडघा धरला. एकटीने ट्रेन बदलणं जमेना. बुधवारी मला सुट्टी असते, इथल्या बऱ्याच आयांना असते, आणि शाळाही दुपारी सुटते. हृषीने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, बरं, मी नेते.

त्या पहिल्या बुधवारी तुम्ही मला बाकावर बसवलंत. समोर पाण्याचा खंदक, पलीकडे खडकांची टेकडी आणि तिच्यावर साठ-सत्तर बबून, उन्हात पाठी करून. तुम्ही म्हणालात, "पहिला अर्धा तास काही बोलायचं नाही. नुसतं बघायचं. काय वाटतं ते नको, काय दिसतं ते."

मी पर्सची चेन उघडझाप करत बसले होते. पण अर्ध्या तासाने टेकडी वेगळी दिसायला लागली, हे मान्य केलं पाहिजे. जो नुसता गोंधळ वाटत होता त्यात घरं दिसायला लागली. एक नर, त्याच्या भोवती तीन-चार माद्या, त्यांची पिल्लं. दुसरा नर, त्याचं वेगळं बिऱ्हाड. प्रत्येकाची खडकावरची जागा ठरलेली. तुम्ही बोटाने दाखवत गेलात. ही रखमा, प्रिन्सिपॉलची सगळ्यात जुनी. ही घारी, हिला कुणाशी पटत नाही. ही गोदी, नवीन, दुसऱ्या बिऱ्हाडातून आणलेली. आणि तो कडेला बसलाय ना, तरणाताठा, तो कंत्राटी प्राध्यापक. स्वतःचं बिऱ्हाड नाही. प्रिन्सिपॉलच्या मागे मागे राहतो, त्याच्याशी नम्रपणे वागतो, आणि जागा कधी रिकामी होते याची वाट बघतो.

मला हसू आलं. तुमच्यासमोर मी किती वर्षांनी हसले होते.

तेवढ्यात गोदी जरा लांब गेली, दुसऱ्या नराच्या खडकापाशी. प्रिन्सिपॉलने नुसत्या भुवया वर केल्या. पापण्यांवरची फिकट कातडी चमकली. ती थांबली नाही, तेव्हा तो चार ढांगांत गेला आणि तिच्या मानेला चावला. गोदी किंचाळली आणि त्याच्या मागे मागे मुकाट चालत आली.

मी ताडकन म्हटलं, "हे काय आहे? आणि ही जाते त्याच्या मागे?"

"जाते."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना. पण राग आल्यावर बघायचं थांबवलंस तर पुढचं चुकतं. आता बघ कुठे बसते."

गोदी प्रिन्सिपॉलजवळ बसली नाही. ती रखमाजवळ जाऊन बसली आणि तिच्याकडे पाठ केली. रखमाने तिच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला करायला सुरुवात केली, अगदी सावकाश, एक एक बट. ओठ चपचप वाजवत.

"उवा काढतेय," मी म्हटलं.

"सगळे तसंच म्हणतात. कोंडा असतो, धूळ असते, कधी काहीच नसतं. कुणाच्या मागे जायचं ते तिच्या हातात नाही, केतकी. पण कुणाच्या शेजारी बसायचं ते ती ठरवते."

त्यावर आपण परतीच्या ट्रेनमध्ये केवढा वाद घातला. मी म्हणत होते, हा समाधान मानून घेण्याचा प्रकार झाला. तुम्ही म्हणत होतात, मी त्यांचं कौतुक करत नाही, मला जे दिसलं ते सांगतेय. मी ठाण्यातली चांगली नोकरी सोडून हृषीच्या मागे इकडे आले होते, इथे पुन्हा शून्यापासून सुरुवात केली होती, आणि तो राग त्या वादात कुठून तरी शिरला. समोरची डच बाई पुस्तकावरून आपल्याकडे बघत होती. तुम्ही बोलता बोलता माझ्या कोटावरचे लोकरीचे गोळे काढत होतात. ते तुमच्या लक्षातही नव्हतं. मी कोट हलवला नाही.

त्या उन्हाळ्यातले बुधवार मला आज एकामागून एक आठवतात. तुमची स्टीलच्या डब्यातली थालीपिठं आणि त्यांच्या वासाने आमच्याकडे वळणाऱ्या शाळेच्या सहली. मारेके, त्या टेकडीची देखभाल करणारी, हिरव्या बुटातली, तुम्हाला "मेफ्राऊ आजी", म्हणजे श्रीमती आजी, म्हणायची, कारण इरा तुम्हाला आजी म्हणते तर तेच तुमचं आडनाव असणार असं तिला वाटलं होतं. तुम्ही ते कधी दुरुस्त केलं नाहीत. तुमचं डच तीसेक शब्दांचं आणि तिला मराठी शून्य, तरी तुम्ही दोघी कठड्याला टेकून पाऊण पाऊण तास बोलायचात. एकदा मी जवळ जाऊन ऐकलं, तर ती डचमध्ये आणि तुम्ही सरळ मराठीत बोलत होतात, घारीच्या पायाच्या जखमेबद्दल, आणि दोघींचं एकमत होतं.

पाऊस आला की बबून खडकाच्या कपारीत एकमेकांना बिलगून बसायचे आणि आपण बाकावर एका छत्रीत. तुम्ही म्हणायचात, "बघ, आपल्याकडे बघून तेही नोंद करत असतील. दोन माद्या, एक वयस्क, गुडघ्यात दोष."

पण त्या गोष्टीबद्दल आपण बोललो नाही. त्या उन्हाळ्यात नाहीच.

पुढच्या वर्षी तुम्ही यायच्या आधी गोदीला पिल्लू झालं होतं. मी तुम्हाला फोटो पाठवले होते. काळंभोर, गुलाबी तोंड, अंगापेक्षा मोठे गुलाबी कान. तुम्ही आल्यावर दोन बुधवार आपण त्याला आईच्या पोटाला चिकटलेलं बघितलं, मग पाठीवर चढायच्या खटपटीत. तिसऱ्या बुधवारी फाटकापाशीच मारेके भेटली. तिने माझ्याशी बोलायच्या आधी तुमचा हात हातात घेतला. पिल्लू आदल्या दिवशी गेलं होतं. का ते अजून कळलं नव्हतं. "गोदीने ते सोडलेलं नाही," ती म्हणाली. "आम्ही काढून घेत नाही. ती सोडेल तेव्हा सोडेल."

मला मागे फिरायचं होतं. इराला त्या दिवशी मी बरोबर आणलं नव्हतं, हे बरं झालं असं वाटलं. तुम्ही मात्र चालायला लागला होतात.

गोदी नेहमीच्या खडकावर बसली होती. पिल्लू तिच्या मांडीवर होतं, एक हात खाली लोंबत. ती त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. मग त्याच्या पोटावरचे केस बोटांनी विंचरायला लागली, रखमा तिचे विंचरायची तसे. टोळी दुसऱ्या बाजूला निघाली तेव्हा तीही उठली. पिल्लाला तिने एका हाताने धरलं होतं आणि तीन पायांवर लंगडत चालली होती. पिल्लाचं डोकं खडकाला घासत होतं. प्रिन्सिपॉल थांबून तिच्यासाठी मागे बघत होता.

मी म्हटलं, "आता तरी म्हणा, आई. हे दुःख आहे."

तुम्ही म्हणालात, "ती पिल्लू सोडत नाही. एवढंच दिसतं."

"तुमची ती शिस्त ठेवा बाजूला! मला दिसतंय दुःख. इथून दिसतंय."

 तुमचे हात मांडीवर, नजर टेकडीवर. मग त्याच आवाजात, जणू अजून बबूनबद्दलच बोलताय अशा, तुम्ही म्हणालात, "मी बघितलं होतं त्याला."

"कुणाला?"

"तुझ्या बाळाला."

आई, त्या क्षणी माझ्या कानात नुसता वाऱ्याचा आवाज होता. तुम्ही सांगत होतात. मला गुंगी आल्यावर तुम्ही त्या नर्सच्या मागे गेलात. तिला इंग्रजीत म्हणालात, मी आजी आहे त्याची. तिने तुम्हाला खुर्ची दिली आणि बाळ मांडीवर ठेवलं.

"तुला नको म्हटलं आणि मी बघितलं," तुम्ही म्हणालात. "मग कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मी उठले आणि निघून गेले. तुम्हाला तिथे दुखऱ्या गुडघ्यासकट एकटं सोडून मी पेंग्विनपर्यंत गेले, तिथल्या भिंतीला टेकून उभी राहिले. चार वर्षं मी समजत होते की त्याला आपल्यापैकी कुणीच बघितलं नाही, तो कुणाचीच नजर न पडता गेला. आणि तुम्हाला माहीत होता तो कसा दिसतो. रोज माझ्यासमोर बसून जेवताना माहीत होतं. मला तुमचा विलक्षण राग आला होता. आणि रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, भुकेसारखं.

अर्ध्या तासाने मी परत आले. तुम्ही तशाच बसला होतात. मी बसले आणि म्हटलं, "कसा होता, सांगा."

तुम्ही सांगितलंत. तुम्हाला जसं सांगता येतं तसं, वरून खाली, काही न गाळता. केस काळे, दाट, कपाळाला चिकटलेले. उजव्या कानाची पाळी वर दुमडलेली, तुझ्यासारखी. भुवया अजून नीट उमटल्या नव्हत्या. नाक बसकं, पण ते सगळ्याच बाळांचं असतं. ओठ गडद. हातांची नखं आलेली, सगळी दहा. पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, हृषीचं आहे ना, तसंच. वजन किलोच्या जरा आत असेल. नर्सने त्याला लिंबाच्या रंगाची टोपी घातली होती, कुणीतरी हाताने विणलेली, ती सैल होत होती.

"किती वेळ घेतलंत?"

"चाळीस मिनिटं. गाणं म्हणावं असं वाटलं, पण एकही ओळ आठवेना. मग मी त्याचा हात हातात घेतला आणि त्याला त्याची हाडं सांगितली. ह्युमरस, रेडियस, अल्ना. मग बोटांची. मला दुसरं काही येतच नव्हतं, केतकी."

मी त्या बाकावर तोंडावर ओढणी घेऊन रडले. शाळेची एक सहल हळूच दुसरीकडे वळवली गेली. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला नाहीत, मला जवळही घेतलं नाहीत. तुम्ही माझ्या ओढणीत अडकलेलं वाळकं पान काढलंत, आणि मग दुसरं, आणि नंतर तिथे काहीच नव्हतं तरी तुमची बोटं चालत राहिली.

मग तुम्ही तुमचं सांगितलंत. हृषीच्याही आधी, माधवीताईच्याही आधी एक मुलगी झाली होती. एक दिवसही पुरती जगली नाही. तुमच्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, बघू नकोस. तुम्ही बावीस वर्षांच्या होतात, तुम्ही ऐकलंत. "आणि मला खरंच वाटायचं की त्यामुळेच मी उभी राहिले," तुम्ही म्हणालात. "तुला म्हटलं ते तुझ्या भल्यासाठीच म्हटलं. पण तुझ्या खोलीच्या बाहेर येऊन उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, मी विसरलेले नाही. इतकी वर्षं त्या वयाची मुलगी दिसली की मी तिचं तोंड बघते. कॉलेजात दर जूनला नवा वर्ग आला की बघायचे. कशी दिसते ते माहीत नसेल तर कुणीही ती असू शकते ना."

हे तुम्ही तुमच्या मुलांना कधी सांगितलं नव्हतंत. बबूनच्या टेकडीसमोर मला सांगितलंत.

दोन दिवसांनी मी रजा काढली आणि आपण पुन्हा गेलो, नेमाचा बुधवार नसताना. दुपारच्या सुमाराला गोदीने पिल्लू एका सपाट दगडावर ठेवलं. थोडी लांब गेली. परत आली, हुंगलं, पुन्हा लांब गेली. असं चार वेळा. पाचव्या वेळी ती आली नाही. रखमाजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने घारीसुद्धा, जिचं कुणाशीच पटत नाही ती, तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

"दुःख म्हणायचं की नाही?" मी विचारलं.

तुम्ही म्हणालात, "मला अजून माहीत नाही. पण ती एकटी बसली नाही, हे दिसलं."

आपला तो वाद तिथेच राहिला. मी अजून माझ्याच बाजूची आहे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र आपण खरंखुरं भांडलो, सासू-सुनांनी भांडावं तसं. मला कळलं होतं की इथे, मृत जन्मलेल्या बाळाचीही नंतर खेमेंतेत, म्हणजे आपल्या नगरपालिकेत, आईवडिलांच्या नावापुढे नोंद करता येते. हृषी तयार होता. मला त्याला नाव द्यायचं होतं. तुम्ही कांदा चिरता चिरता म्हणालात, "नाव ठेवू नका. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते, आणि ओ येत नाही."

मी म्हटलं, "टेकडीवरच्या प्रत्येक माकडाला नाव ठेवलंत तुम्ही. आणि त्याला नको?"

सुरी थांबली. तुम्ही पुन्हा चिरायला लागलात, पण त्या दिवशी जेवला नाहीत. मी माफी मागितली नाही. स्खिपोल विमानतळावर सोडताना मी तुम्हाला वाकून नमस्कार केला, तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, आणि दोघींनाही जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. तुम्ही काचेपलीकडे गेलात तेव्हा इराने हात हलवला, तुम्ही तिला प्रिन्सिपॉलसारखी जांभई देऊन दात दाखवलेत. सुरक्षारक्षक दचकला. तुमचं मी समोरासमोर बघितलेलं शेवटचं जिवंत रूप ते आहे, आणि मला ते आवडतं.

दिवाळीनंतर तुमचा फोन आला, दुपारी, मी कामात असताना. असा अवेळी तुम्ही कधी करत नव्हतात. म्हणालात, "केतकी, ठेवा नाव. मी चुकीचं सांगितलं. दुसऱ्यांदा."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मी माझ्या मुलीचं ठेवलं होतं," तुम्ही म्हणालात. "मनात. कधी उच्चारलं नाही."

"काय ठेवलं होतं, आई?"

तुम्ही हसलात जरा. "फोनवर नको. मे महिन्यात येते ना, तेव्हा सांगते. टेकडीपाशी बसून. तूही तुझं तेव्हाच सांग."

व्हिसाची तारीख मिळाली होती. मार्चमध्ये तुम्हाला ताप आला, मग न्यूमोनिया, मग हृषीचं तिकीट, मग आमचं. हॉस्पिटलमधून हृषीने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क होता. मी मोठमोठ्याने काहीतरी बोलले, इराची शाळा, इथली थंडी. जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. मी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं, त्या बाकावरच, आणि तुम्ही मला जे दिलंत ते दुसरं कुणीही देऊ शकलं नसतं, हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. मे महिना आहे, सावकाश सांगू, असं वाटत होतं.

कराडहून परतल्यावर पहिल्याच बुधवारी मी मारेकेला जाऊन सांगितलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. "मेफ्राऊ आजी," एवढंच म्हणाली, दोनदा. मग मला आत नेऊन चहा दिला, आणि गोदीला पुन्हा दिवस गेलेत हे सांगितलं.

आणि काल आम्ही तिघं होफडॉर्पच्या खेमेंतेत गेलो. वेळ आधी घेतली होती. काउंटरवर एक तरुण बाई होती, तिने कागद बघितले आणि आवाज खाली आणला. तेव्हा मिळालेल्या त्याच्या जन्माच्या कागदावर नावाची जागा सहा वर्षं रिकामी होती. हृषीने नाव कागदावर लिहून दिलं. तिने ते वाचलं, आणि इथे ज चा य होतो, त्यामुळे ती म्हणाली, "यायंत?"

मी काही बोलायच्या आत इरा टाचा उंचावून काउंटरवर वाकली. डचमध्ये म्हणाली, "यायंत नाही. जयंत. माझा धाकटा भाऊ आहे तो."

त्या बाईने खुर्ची पुढे ओढली. "मला पुन्हा सांग," ती इराला म्हणाली. इराने सांगितलं. तिने म्हणून बघितलं, चुकलं. पुन्हा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा बरोबर आल्यावरच तिने ते टाइप केलं.

जयंत, आई. तुम्हाला जरा जुनाट वाटेल. चौथ्या महिन्यापासून माझ्या मनात होतं.

तुमच्या मुलीचं नाव काय होतं?